चुंबकाला न दिसणारं लोह

नाशिकला गोदावरीच्या वाळूत चुंबक फिरवा, काळे कण चिकटतील. ते मुख्यतः मॅग्नेटाइट, आपल्या बेसाल्ट खडकातून सुटलेलं. गडचिरोलीत सुरजागडला मात्र हेमॅटाइट आहे. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोह ७२ टक्के, हेमॅटाइटमध्ये ७०. तरी साधा चुंबक हेमॅटाइटला ओढत नाही. मग सिलिका मिसळलेलं हलक्या प्रतीचं हेमॅटाइट फेकून द्यायचं? उपाय आहे. ते कार्बन मोनॉक्साइडमध्ये साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजायचं. थोडा ऑक्सिजन निघून जातो, मॅग्नेटाइट तयार होतं. मग दळून चुंबकाने सिलिकापासून वेगळं काढायचं. पण जास्त भाजलं तर वुस्टाइट होतं, आणि चुंबक पुन्हा ओळख दाखवत नाही. इंधनही वाया, खनिजही. म्हणून भट्टी वेळेवर थांबवणं महत्त्वाचं.