नियम थोडे, धीर फार
(पालक-मेळाव्यातील भाषण)



ज्या मुलाला पूर्वी सरसकट ‘व्रात्य’, ‘वांड’ किंवा ‘धांदरट’ म्हटले जाई, त्याच्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष फार आधी गेले होते. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही काही मुलांना स्वतःला आवरता येत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. आज ज्या अवस्थेला एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, म्हणतात, तिच्या इतिहासात या व्याख्यानांचा उल्लेख नेहमी होतो. निदान तज्ज्ञांनी करावयाचे असते. घरातले नियम मात्र घरानेच ठरवावे लागतात.

अशा मुलाला नियम ठाऊक नसतो असे नाही. विचारल्यास ते घडाघडा सांगते. परंतु ऐन वेळी तो आठवत नाही, आणि आठवतो तेव्हा हात आधीच पुढे गेलेला असतो. म्हणून रात्री दिलेला उपदेश सकाळी कामी येत नाही. जेथे कृती घडावयाची, तेथेच नियम दिसावा: दप्तरात काय भरायचे याची यादी दारावर, सकाळच्या कामांचा क्रम आरशाशेजारी. लहानग्यांसाठी अक्षरांऐवजी चित्रे असावीत.

आरंभी तीनच नियम पुरेत. ‘नीट वाग’ हा नियम नव्हे. ‘शाळेतून आल्यावर डबा मोरीत ठेवावा’ हा नियम होय. सूचना एका वेळी एकच द्यावी, तीही स्वयंपाकघरातून ओरडून नव्हे, तर जवळ जाऊन.

फळ लगेच मिळावे. वार्षिक परीक्षेनंतरची सायकल या मुलाला फार दूर वाटते. आजच्या कामाची आजच मिळालेली शाबासकी आणि निजताना एक जादा गोष्ट त्याला समजते. शिक्षाही लहान, आधी ठरलेली आणि रागाविना असावी. पाणी सांडले, तर त्यानेच पुसावे. आठवडाभर मैदान बंद करणे मात्र टाळावे. धावणे-खेळणे ही त्याची गरज आहे.

सर्वांत अवघड असते ते मोठ्यांचे एकमत. आईने नाकारलेला मोबाइल आजोबांनी हळूच दिला, तर नियम मुलाने मोडलेला नसतो. जेवताना मोबाइल नको असे ठरले, तर तो बाबांच्याही हाती नको. नियम साऱ्या घराचा असला, की एकाच मुलावर बोट रोखले जात नाही.

वर्गात, शेजारी आणि घरी दिवसभर बोलणी खाणारे मूल हळूहळू ‘आपण वाईटच आहोत’ असे मानू लागते. ही समजूत चंचलतेहून अधिक घातक आहे. नियम करावयाचे ते बोलणी वाढवण्यासाठी नव्हे, तर कमी करण्यासाठी. आठवण देण्याचे काम भिंतीवरच्या कागदाने केले, की आईचा आवाज गोष्ट सांगण्यासाठी मोकळा राहतो.