दापोलीचें कॉलेज आणि आपला सातबारा

(निजामपुरा, भिवंडी येथील सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



निजामपुऱ्यांत मागांच्या खडखडाटांत उभें राहून मी शेतकी कॉलेजाच्या गांवाबद्दल बोलणार, याचें कांहीं जणांना नवल वाटेल. पण या सभेला तालुक्यांतले कुणबी-आगरी आहेत, रत्नागिरीकडून पोटासाठीं आलेले आहेत, आणि मागावर जन्म काढलेले मोमीन बांधवही आहेत. एका धंद्यावर जगणारें गांव म्हणजे काय, हें तुम्हांला शिकवायला नको. माग थांबला कीं चहावाल्याची किटली थंड, आणि खाणावळवाल्याची चूलही थंड. दापोलीचें तसेंच आहे. तेथें मागाच्या जागीं कॉलेज आहे, एवढेंच.

दापोलीला जुनी माणसें 'कॅम्प' म्हणत आलीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनीं तेथें लष्करी छावणी घातली. पुढें छावणी उठली, पण पेन्शनर शिपाई राहिले. त्यांत महार पलटणींतले पुष्कळ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही नोकरींतून निवृत्त झाल्यावर कांहीं काळ तेथेंच राहिले. तेव्हां या गांवचा बाजार पहिल्यापासून बाहेरच्या पैशावर चालला. आधीं पेन्शन, मग मुंबईच्या गिरणींतून येणारी मनिऑर्डर. १९६५ सालीं शेतकी कॉलेज निघालें, १८ मे १९७२ रोजीं कोंकण कृषि विद्यापीठ झालें, आणि तिसरी पेटी उघडली: पगाराची व विद्यार्थ्यांच्या खर्चाची. २००१ सालापासून त्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंतांचें नांव आहे.

हा पैसा फिरतो कसा, तें पाहा. पोरें विदर्भांतून येतात, मराठवाड्यांतून येतात, देशावरून येतात. वसतिगृहांत मावतील तेवढीं मावतात, बाकीच्यांना गांवांत खोली लागते. खोली आली कीं डबा आला. देशावरच्या पोराला नुसत्या भातानें भागत नाहीं, त्याला भाकरी पाहिजे. ती थापणारी एखादी विधवा बाई त्यावर आपलीं लेंकरें शिकवते, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या उलाढालींत खरी कमाई तिचीच. मग झेरॉक्सवाला, रिक्षावाला, न्हावी, शिंपी, बेकरीवाला. सुटी लागली कीं पोरें घरीं जातात. उन्हाळ्यांत मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर हिंडणारे मुंबईकर येतात म्हणून बाजार अगदींच सुना पडत नाहीं. पण घरभाडें हा धंदा ज्याच्याकडे भिंती आहेत त्याचा. डोंगरावरच्या वाडींतून डोकीवर भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या कुणबिणीला कॉलेजापासून काय मिळतें? पाटीभर भाजीचे पैसे. तेंही गिऱ्हाईक घासाघीस करील तेवढेच.

कोणी म्हणेल, तेवढेंच कसें? आंब्या-काजूचीं कलमें दिलीं कीं त्यांनीं. दिलीं, आणि त्याबद्दल त्या माणसांचे उपकार मानलेच पाहिजेत. नीलम आणि हापूस यांच्या संकरांतून 'रत्ना' आंबा काढला, वेंगुर्ल्याच्या केंद्रांत काजूच्या जाती काढल्या, आणि ती झाडें आज लोकांच्या बागांत उभीं आहेत. पण कलम लावायला अगोदर काय लागतें? जमिनीवर आपलें नांव लागतें! रत्नागिरीच्या कुणब्यानें कित्येक पिढ्या खोताची जमीन कसली. आंबा लावायचा, पांच-सात वर्षें हंड्यानें पाणी घालायचें, आणि फळ उतरायचें खोतानें. कोण शहाणा तेथें झाड लावील? बाबासाहेबांनीं १९३७ सालीं खोती रद्द करण्याचें बिल असेंब्लींत आणलें, चरीच्या शेतकऱ्यांनीं त्याआधीं वर्षानुवर्षें संप केला, तेव्हां कोठें १९४९ सालीं खोती रद्द करण्याचा कायदा झाला. कूळकायदा १९४८ चा, आणि कसेल त्याची जमीन हें धरून कृषिदिन ठरला १ एप्रिल १९५७. त्यानंतर कॉलेज आलें, आणि १९९० सालीं रोजगार हमींतून फळबागेला सरकारी पैसा मिळूं लागला, तेव्हां डोंगर हिरवे झाले. हा क्रम ध्यानांत घ्या. आधीं सातबारा, मग विद्या कामाला आली. सातबारा नसता तर तींच कलमें खोताच्या वाडींत लागलीं असतीं.

आणि नुसता सातबाराही पुरा पडत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें. दापोली-मंडणगडाकडे वीस-तीस वर्षांचीं झाडें एका दिवसांत आडवीं झालीं. बाजारपेठेचींही कौलें-पत्रे उडाले, पण पगार वाऱ्यानें पडत नाहीं, तो पहिल्या तारखेला येतोच. बागवाल्याला मात्र पुन्हां रोपापासून आरंभ. कॉलेजच्या गांवांत राहणारा आणि कॉलेजच्या भोंवतीं राहणारा यांत हा फरक आहे.

आतां शिकून निघणाऱ्या पोरांकडे वळूं. शेवटच्या वर्षाला त्यांना कांहीं महिने खेड्यांत शेतकऱ्याबरोबर काम करावें लागतें. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. आपले लोक काय करतात? त्यांना चहा पाजतात, सरपंचाबरोबर फोटो काढतात, सही देतात. अरे, त्या पोराला बांधावर उभा करा! करप्याचा डाग कोणता आणि खताअभावीं पिवळें पडलेलें पान कोणतें, विचारा. त्याला सांगतां आलें नाहीं तर त्याच्या गुरुजींना विचारून उद्यां सांगायला लावा. त्यांत त्याचाही फायदा आहे.

पदवी घेतल्यावर तीं पोरें स्पर्धापरीक्षेची पुस्तकें घेऊन बसतात, शेतीकडे वळत नाहींत, अशी ओरड आहे. मी त्या पोरांना दोष देत नाहीं. बापाच्या भाताला खर्च सुटण्यापुरताही भाव मिळाला नाहीं, हें ज्यानें घरीं डोळ्यांनीं पाहिलें, तो बँकेची नोकरी शोधणारच. भटजी-शेटजींच्या मुलांनीं नोकरी धरली तर ती हुशारी, आणि कुणब्याच्या पोरानें धरली तर शेतीशीं बेइमानी, हा न्याय कुठला?

आपल्या तालुक्यांत मात्र उलटा क्रम चालला आहे. काल्हेर, पूर्णा, माणकोली, जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें गोदामें उभीं आहेत. मुंबई-ठाण्याची जकात टाळायला व्यापारी इकडे आले. मुंबईची जकात २०१७ सालीं उठली, गोदामें उठलीं नाहींत. ज्यानें जमीन भाड्यानें दिली त्याच्या घरीं महिन्याचें भाडें येतें. ज्यानें विकली त्याच्या घरीं गाडी आली, लग्नें झालीं, आणि आतां त्याचा मुलगा त्याच जमिनीवर माल चढवायला हमाल आहे. शेतकी कॉलेजच्या प्रवेशांत सातबारा जोडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला गुणांत अधिभार देण्याची पद्धत चालत आली आहे. जमीन विकतांना दलाल तुम्हांला हें सांगणार नाहीं. शेवटचा तुकडा विकला कीं पोराच्या हातचा तो कागदही गेला.

मोमीन बांधव म्हणतील, आमच्याकडे सातबारा कधींच नव्हता. खरें आहे. पण दापोलीला शेतकी अवजारांचें इंजिनियरिंगही शिकवतात. लहानपणापासून मागाचा धोटा आणि पट्टा दुरुस्त करणाऱ्या पोराला भाताचें मळणीयंत्र अवघड जाणार नाहीं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचें काम इकडे वळलें म्हणून एक पिढी तगली, तसें पुन्हां होईल या भरंवशावर दुसरी बसवूं नका.

आणि ज्यांचीं खाचरें अजून राहिलीं आहेत त्यांना दापोलीपर्यंत जायचीही गरज नाहीं. याच विद्यापीठाचें भात संशोधन केंद्र कर्जतला आहे, तें १९१९ सालापासून चालू आहे. 'कर्जत-३' ही हळवी जात, 'सह्याद्रि' हा संकरित भात, सारें तेथलें. ज्यांचीं शेतें खाडीकडे खारीं आहेत त्यांच्यासाठीं पनवेलच्या केंद्राच्या जाती वेगळ्या आहेत. त्यांनीं दुकानदार देईल तें बीं उचलूं नये. कल्याणहून कर्जतची लोकल धरा, आणि रोहिण्या लागायच्या आधींच जाऊन या. बरोबर घरच्या बायांना न्या. लावणी त्यांच्या हातची आहे, रोप किती अंतरावर आणि किती खोल लावायचें तें त्यांनींच ऐकलें पाहिजे.