आपल्या हाताला झेपेल तो नमुना



भिवंडीत विणकामावर बोलणे म्हणजे कामवारीच्या काठी बसून पाणी विकणे. मागांचा खडखडाट ही तर या गावाची नाडी! परंतु आपल्या भाषेत 'विणणे' या एकाच क्रियापदात दोन कला नांदतात. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन धागे लागतात. दोन सुयांच्या विणकामात धागा एकच. तो आपल्याच फासांतून ओवला जातो. म्हणून तेथे एक टाका सुटला, की खालच्या ओळी शिडीसारख्या उसवत जातात.

भर उन्हाळ्यात लोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की सुया बाहेर निघतातच. माझ्याही निघाल्या होत्या. कधी मफलरही न विणलेल्या मी जाळीची शाल घेतली. बाळ चालू लागले, तरी शाल वीतभरच! आपल्या हातात कला नाही, असे मी ठरवून टाकले. पुष्कळ वर्षांनी कळले, की दोष हाताचा नव्हता, निवडीचा होता. अशी अर्धी कामे किती ट्रंकांत पडली असतील!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे. प्रथम सगळ्या ओळी सुलट टाक्यांचा मफलर करावा. त्याच्या कडा वळत नाहीत. मग एक ओळ सुलट, एक उलट. मग एक टाका सुलट, एक उलट. मनगटाला लागणारा ताण या विणीत असतो. त्यानंतर टाके कमी करायला शिकवणारे टोपरे. जाळी त्याच्याही पुढे, कारण तिच्यात धागा घेऊन एक टाका वाढवला, तर दुसरीकडे दोन टाके एकत्र विणून हिशेब जुळवावा लागतो.

दिसण्यावर मात्र जाऊ नये. वेणीची वीण पाहून छाती दडपते. पण टाक्यांची अदलाबदल साधारण सहा-आठ ओळींतून एकदाच येते, बाकी सारे साधेच. म्हणून चित्र बाजूला ठेवून नमुना शेवटपर्यंत वाचावा आणि स्वतःला विचारावे, यात मला नवे असे काय आहे? एकच गोष्ट नवी असेल तर खुशाल घ्यावा. तीन असतील तर तूर्त ठेवून द्यावा. पहिल्या कामाला फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर बरी. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसल्याने त्यात हाताचा कमीजास्तपणा उघडा पडतो.

आधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजावेत. नमुन्यात २२ सांगितले आणि आपले २० भरले, तर फरक क्षुल्लक वाटतो. पण २२० टाक्यांचा घेर ४० इंचांऐवजी ४४ इंच होतो! अशा वेळी बारीक सुई घ्यावी. आपल्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची. तेव्हा नंबर सोडून मिलिमीटर पाहावेत.

याचा अर्थ जन्मभर मफलरच विणावेत असा नव्हे. पायरी चढण्यासाठीच असते; फक्त एका वेळी एकच चढावी.

माझी ती शाल मी अखेर उसवली. मागावरचे कापड कापले की कापले. विणलेली लोकर मात्र पुन्हा गुंडा होऊन हातात येते. त्या लोकरीचे एक टोपरे झाले. साधेच आहे, पण पुरे झाले आहे, आणि त्याच बाळाच्या लेकीने ते घातले. घरी गेल्यावर आपलीही ट्रंक एकदा उघडून पाहा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.