दोन दिवसांची सावड

शेणगोठा आणि स्वैपाक आटोपून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्यांना नमस्कार, आणि कांद्याच्या वाफ्यात खुरपं चालवत मोबाइलवर ऐकणाऱ्यांनाही.

आज मी आमच्या गटाच्या एका सहलीबद्दल बोलणार आहे. संक्रांत झाल्यावर आमच्या बचत गटातल्या चौदा जणी भंडारदऱ्याला गेलो. एक रात्र धरणाच्या काठी राहिलो, गळ टाकून मासे धरले आणि रतनगड व कळसूबाई असे दोन डोंगर चढून आलो. अंथरूण-पांघरूण, शिधा, पाणी, सगळं आपापल्या पाठीवर. परत आल्यापासून आजूबाजूच्या गटांतल्या बायका एकच विचारतात, "अगं, पण जमवलं कसं?" म्हणून डोंगर आणि मासे तर सांगतेच, पण जमवलं कसं तेही नीट सांगते.

आधी भंडारदराच का, ते ऐका. आमचं गाव प्रवरेच्या पाटावरचं. आमच्याकडे पाऊस बेताचा, पण पाटाला आवर्तन सुटलं की ऊस, कांदा, गहू सगळं उभं राहतं. ते पाणी येतं भंडारदऱ्याहून. हे धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे माझ्या आजेसासूच्या लग्नाआधीपासून आमची शेतं ते पाणी पितात. घरातले पुरुष पाणी कधी सुटणार म्हणून धरणाच्या बातम्या वाचतात, कुणी जाऊनही आलेत. आम्ही बायकांनी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरली, पण धरण पाहिलेलं चौदांपैकी दोघींनीच. तेव्हा ठरलं, आपलं पाणी जिथून निघतं तिथंच जायचं.

आता जमवलं कसं. मैत्रिणींनो, देवाला जायचं म्हटलं की आपल्याला कुणी अडवत नाही. वारीला जा, वणीला जा, घरचे वेशीपर्यंत पोचवायला येतात. पण नुसतं फिरायला जायचं, आणि रात्री बाहेर राहायचं, म्हटलं की प्रश्न सुरू. दूध कोण काढणार? पोरांचे डबे कोण करणार? सासऱ्यांच्या गोळ्या कोण देणार? हे प्रश्न खोटे नाहीत. ती कामं खरीच आहेत आणि आपण नसलो की ती पडूनच राहतात.

त्यावर तोडगा सुचवला आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "लावणीला, खुरपणीला आपण सावड करतो ना? आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मग सुट्टीची सावड का करू नये?" गटात आम्ही अठ्ठावीस जणी. आम्ही जोड्या लावल्या. जोडीतली एक जाणार, दुसरी मागं राहून तिच्या घरची धार, डबे, औषधं बघणार. पुढच्या खेपेला उलट. जिला जायचं तिनं आठवडाभर आधी जोडीदारणीला घर दाखवायचं: कुठली गाय लाथ मारते, कुणाला भाजीत तिखट चालत नाही, गोळ्या कुठल्या फडताळात. पैशासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे वेगळे काढले. गटाच्या बचतीला हात लावला नाही.

वार निवडला बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवारी कळसूबाईला मुंबई, पुणे, नाशिकची गर्दी होते, शिड्यांवर रांगा लागतात. शिवाय बुधवारी रात्री मासे खायला आमच्यात कुणाला उपास नव्हता. तिघी माळकरी होत्या, त्यांच्यासाठी पिठलं.

आता ओझ्याचं सांगते. आपल्याला डोक्यावर दोन हंडे घेऊन चालायची सवय, म्हणून वाटतं ओझ्याचं काय एवढं. पण डोंगरावर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. डोक्यावर गाठोडं नको, हातात पिशवी नको, खांद्यावरून लोंबणारी पर्सही नको. दोन पट्ट्यांची पाठीवरची सॅक हवी. मुलांची शाळेची जुनी सॅक चालते, शिवण मात्र पक्की करून घ्या. जड सामान पाठीला लागून आणि मध्यावर ठेवा, तळाशी किंवा बाहेरच्या अंगाला ठेवलं की ते मागं ओढतं. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आमचं कुणाचंच सात-आठ किलोच्या पुढं गेलं नाही.

आत काय? एक चादर, एक जाड पांघरूण, स्वेटर, कानटोपी, कारण पौषात तिथं रात्री हुडहुडी भरते. दोन-तीन लिटर पाणी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लिंबं. बॅटरी, शिट्टी, मीठ-साखरेची पुडी, आपापली औषधं. पाळी असेल किंवा यायची असेल तर त्याचं सामान आणि वापरलेलं परत आणायला वेगळी पिशवी. पाळी आहे म्हणून आम्ही कुणाला मागं ठेवलं नाही. पायात पट्ट्याचे बूट, चप्पल नाही. साडी नेसणाऱ्यांनी काष्टा घातला, बाकीच्या पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून.

पहाटे तीनला भाड्याच्या गाडीनं निघालो आणि धरणाला वळसा घालून सकाळी रतनवाडीत पोचलो. तिथं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कोरीवकाम बघत राहावं असं. रतनगडाच्याच डोंगरात आपली प्रवरा उगम पावते. वाट तिच्या ओढ्याला धरून, कधी अल्याड कधी पल्याड, दाट झाडीतून जाते. आम्ही आठ जणी गावातला वाटाड्या घेऊन गडावर गेलो, सहा जणी देवळापाशी थांबल्या. दोन-तीन तासांची चढण, शेवटी शिड्या आणि मग गणेश दरवाजा. माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. त्यात बसलं की वारा असा येतो की बोललेलं शेजारणीला ऐकू येत नाही. तिथून खाली सगळं धरण दिसलं. इतकं पाणी! आमची एक जण म्हणाली, "आणि आपल्याकडे टेलच्या वावराला पोचता पोचता करंगळीएवढी धार होते."

दुपारी उतरलो आणि चार वाजता शेंडी गावाच्या बाजूला पाण्यावर आलो. तिथल्या एका घराच्या अंगणात मुक्काम ठरवला होता. घरची मालकीण गटातलीच, म्हणजे त्यांच्या गावच्या गटातली. मासे धरायला तिनंच शिकवलं.

पण त्याआधी एक महत्त्वाचं. धरणाचं पाणी म्हणजे कुणीही यावं आणि गळ टाकावा, असं नसतं. अशा जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, आणि त्यावर लोकांची चूल चालते. शिवाय हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याचे नियम. म्हणून आम्ही आठ दिवस आधी त्या ताईंकडून सोसायटीला विचारलं आणि त्यांनी दाखवलेल्या जागीच बसलो.

गळ साधाच. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, लहान आकडा, आकड्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक मणी आणि वर तरंगायला मोराच्या पिसाची दांडी. आमिषाला गांडूळ किंवा कणकेचा घट्ट गोळा. उन्हं कलली की मासे काठाकडे चरायला येतात. पीस नुसतं थरथरलं तर ओढायचं नाही, मासा चाखत असतो. पीस खाली गेलं किंवा आडवं सरकलं की मनगटानं हलका झटका. सगळा जोर लावला तर माशाचं तोंड फाटतं आणि तो जातो.

मैत्रिणींनो, खरी गंमत माशांत नव्हती. दीड तास आम्ही चौदा जणी पाण्याकडे बघत बसलो. हातात लसूण नाही, निवडायला भाजी नाही, मांडीवर पोर नाही. एक जण म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी एवढा वेळ एका जागी बसले ती बाळंतपणातच." सगळ्या हसल्या आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

मिळाले नऊ मासे. चार लहान होते, ते ताईंनी परत सोडायला लावले. त्या म्हणाल्या, "ते पोटात जाऊन कुणाचं पोट भरणार? वाढू द्या." आषाढात अंडी भरलेली असतात तेव्हाही त्यांच्याकडे गळ टाकत नाहीत. पाच मासे चौदा जणींना थोडे, म्हणून त्यांच्याकडूनच आणखी दोन किलो विकत घेतले. अंगणातल्या चुलीवर कालवण आणि तांदळाची भाकरी. रानात जाळ करायचा नाही, तिथं मनाई आहे आणि वाळलं गवत क्षणात पेटतं.

जेवताना ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हा सगळ्यांना लागली. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण डोंगर उताराचा, पाणी धावत धरणात जातं आणि धरणातून आमच्याकडे येतं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की इथल्या बायकांना हंड्यासाठी गाळातून उतरून लांब जावं लागतं. आम्ही आवर्तन उशिरा आलं म्हणून तक्रार करतो. हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही तिथं गेलोच नव्हतो. आता त्यांच्या गटाचं नाचणीचं पीठ आणि हातसडीचा तांदूळ आमचा गट घेतो, आमचा कांदा त्यांच्याकडे जातो.

दुसऱ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उजाडल्यावरच चालायला लागलो, अंधारात नाही. पहिला तास सोपा, मग कातळ आणि शिड्या. आमचा नियम एकच होता: सर्वांत हळू चालणारी सर्वांत पुढं. मागून कुणी घाई करायची नाही. शिडीवर एका वेळी थोड्याच जणी, नजर हातांवर, खाली नाही. तिसरीच्या वेळी एकीचे पाय लटपटले. तिला कुणी "काही होत नाही" म्हटलं नाही. खाली उतरवलं, गूळ-पाणी दिलं आणि तिच्याबरोबर आणखी दोघी थांबल्या. बाकी अकरा जणी माथ्यावर गेलो. माथ्याच्या थोडं खाली विहीर आहे. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. तिथून अलंग, मदन, कुलंग हे गड दिसतात आणि आदल्या दिवशीचा रतनगड, धरण सगळं.

ही देवी कोण, ठाऊक आहे? कळसू नावाची कोळ्यांची मुलगी. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण कामाची अट आधीच घालून. कोणतं काम करीन आणि कोणतं नाही, हे कुणी एक सांगतं, कुणी दुसरं. पण पुढचं सगळे सारखंच सांगतात: घरच्यांनी अट मोडली, नको ते काम करायला लावलं, आणि कळसू डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. नवरात्रात तिची जत्रा भरते. हजारो माणसं तिच्या पाया पडतात. काकू देवळापाशी बसून म्हणाल्या, "ती परत आली नाही. आपल्याला परत जायचंय. पण अट घालायला काय हरकत आहे?"

काकूंचं वय बासष्ट. तुम्हाला बचेंद्री पाल ठाऊक असतील, १९८४ साली एव्हरेस्ट चढणारी पहिली भारतीय बाई, उत्तराखंडातल्या खेड्यातली. त्यांनी २०२२ साली पन्नाशीपुढच्या बायकांना घेऊन हिमालय पूर्वेकडून पश्चिमेकडे पायी ओलांडला. तेव्हा वयाचं कारण सांगू नका. मात्र रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि जाण्याआधी महिनाभर रोज तासभर चाला, पाठीवर थोडं ओझं घेऊन.

आणखी चार गोष्टी. दिवाळीनंतर ते माघापर्यंत जा. पावसात कातळ निसरडे होतात. धरणात पोहायला उतरू नका, काठ अचानक खोल होतो आणि गाळात पाय रुततो. शौचाला पाण्यापासून लांब, खड्डा करून, दोघीदोघींनी जा, कारण बिबट्याचा भाग आहे. कुठं जाणार, कधी परतणार हे गावात लिहून ठेवा. ११२ आणि १०८ हे नंबर लक्षात असू द्या, पण डोंगरात रेंज नेहमी नसते, म्हणून शिट्टी.

आम्ही गुरुवारी रात्री दहाला घरी पोचलो. जोडीदारणींनी सगळी घरं नीट सांभाळली होती. एका घरी मात्र सासूबाईंनी जोडीदारणीला येऊच दिलं नाही. म्हणाल्या, "मी आहे ना. माझ्या सुनेचं मी बघते. पुढच्या खेपेला माझंही नाव लिहा."

लिहिलंय. मागं राहिलेल्या चौदा जणी आणि त्या सासूबाई, अशा पंधरा जणी पुढच्या थंडीत जातील, आणि त्यांच्या घरची धार आम्ही काढू. तुमच्या गटात या आठवड्याच्या बैठकीत जोड्या लावून बघा. डोंगर तुमच्या जवळचा असेल तो निवडा, तळं तुमच्या पाण्याचं असेल ते.