चार वाजताची भूक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



"मुलांसाठी घरच्या घरी सोपा आणि स्वस्त खाऊ" या विषयावर मी बोलावं असं महिला मंडळाने सुचवलं, तेव्हा आमच्या मजल्यावरचे एक स्नेही म्हणाले, "अहो, तुम्ही छत्तीस वर्षं बँकेत कर्जं वाटलीत. खाऊवर तुम्ही काय बोलणार?" त्यांची शंका रास्त आहे. चहा सोडला तर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मी गॅससमोर उभा राहिलो नव्हतो. ताट समोर येत होतं, मी जेवत होतो आणि वर "आज भाजीत मीठ कमी आहे" असंही सांगत होतो.

तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या आठवड्यात सौ.ना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठावर येत नाही. नातू तेव्हा दुसरीत होता. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही मुंबईला नोकरीला. सकाळी आठच्या आत घर सोडायचं आणि रात्री आठला डोंबिवली स्टेशनात उतरायचं. पोळीभाजीच्या बाई दहा वाजता येऊन जातात. राहिली चार वाजताची वेळ. स्कूल बस गेटवर थांबते, मूल वर येतं, दप्तर फेकतं आणि विचारतं, "खायला काय आहे?" इतकी वर्षं या प्रश्नाला उत्तर सौ. देत होत्या. आता घरात मी होतो आणि मला उत्तर येत नव्हतं.

मग मी सोपा मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटं आणली. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, दोन मिनिटांच्या शेवया. नातू खूश, मीही खूश. घरखर्चाची वही मी नोकरीपासून लिहितो. महिनाअखेरीस बेरीज केली तर नुसत्या पाकिटांचे बाराशे चाळीस रुपये निघाले. पण खरी तूट वहीत दिसत नव्हती. रात्री मूल जेवत नव्हतं. दमून आलेली आई ताट पुढे करायची, ते मागे सरकवायचं, बाप रागवायचा, आणि रोज नऊ वाजता आमच्या घरात रडारड. एका संध्याकाळी मी नातवाला पाकीट फोडून देत होतो, तेव्हा सौ.नी डाव्या हाताने ते माझ्याकडून काढून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. हुकूम कळला.

पहिला प्रयोग दडपे पोह्यांचा. मी डब्यातले जाड पोहे घेतले, त्यात कांदा-खोबरं घातलं, वर फोडणी ओतली. नातू एक घास खाऊन म्हणाला, "आजोबा, दात दुखतात." सौ. आजारपणानंतर त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवलं, म्हणजे पातळ पोहे! असं माझं शिक्षण सुरू झालं. त्या दारात खुर्चीवर बसायच्या, मी डबा दाखवायचा, त्या मान हलवायच्या.

आता थोडं हिशेबाचं. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावरचं निव्वळ वजन मी भिंग घेऊन वाचलं. ते पंचवीस ग्रॅमसुद्धा नव्हतं. म्हणजे किलोला चारशे रुपयांच्या वर भाव पडला, आणि आत काय, तर बटाटा! दुसरी गोष्ट, पाकिटावर घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, असा नियम आहे. आमच्या बिस्किटांवर पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल अशी होती. कर्जाचे कागद सही करण्यापूर्वी वाचा, असं मी जन्मभर लोकांना सांगितलं. पाकीट मात्र न वाचता आणत होतो.

याच्यासमोर दाण्याचा लाडू ठेवू. आमच्या वाण्याकडे अर्धा किलो शेंगदाणे ऐंशी रुपये, पाव किलो गूळ वीस रुपये. शंभर रुपयांत तीस लाडू झाले. एक लाडू साडेतीन रुपयांच्या आत. दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, किसलेला गूळ घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायचं. दाण्याचं तेल सुटतं आणि लाडू आपोआप वळला जातो. पाक नाही, तूप नाही. मात्र गूळ म्हणजे औषध नव्हे, तीही साखरच. म्हणून दिवसाला एकच लाडू.

आमच्या घरी आठवडा कसा लागतो ते सांगतो.

सोमवारी दडपे पोहे. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. सगळं कालवून पंधरा मिनिटं झाकून दडपून ठेवायचं. नारळाचं पाणी असेल तर तेही शिंपडावं. वरून मोहरी, हिंग, हळद आणि दाण्यांची फोडणी.

मंगळवारी सकाळच्या उरलेल्या पोळ्या. हाताने कुस्करून कांद्याच्या फोडणीवर परतल्या, पाण्याचा हबका मारून एक वाफ दिली की फोडणीची पोळी तयार. नातवाला तिखट नको असेल तर त्याच चुऱ्यात गूळ आणि चमचाभर तूप घालून पोळीचा लाडू. खर्च जवळजवळ शून्य.

बुधवारी मुगाची धिरडी. सालीची मूगडाळ सकाळी भिजत घालायची, दुपारी आलं-जिऱ्याबरोबर वाटायची. यातच किसलेलं गाजर किंवा दुधी लपवता येतो. मुलांनी हे ऐकलं नाही असं समजतो.

गुरुवारी भाजणीचं थालीपीठ आणि लोणी. शुक्रवारी भडंग. कुरमुरे कढईत कुरकुरीत करून घ्यायचे, तेलात लसूण, कढीपत्ता, दाणे, डाळं परतून त्यात मिसळायचे. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात, त्यामुळे आजोबांना कधी कंटाळा आला तर तोच डबा उघडावा. शनिवारी नातवाच्या पसंतीचं एक पाकीट. हो, बंद केलेलं नाही. बंदी घातली की मूल बाहेर जाऊन खातं, हे मी पाहिलेलं आहे. रविवारी सूनबाईंचा दिवस, त्यात मी लुडबुड करत नाही.

दोन सूचना मात्र गंभीरपणे देतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते. कूट करून द्या. आणि दुसऱ्याच्या मुलाला काही देण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारा. हे मी चुकून शिकलो. नातवाबरोबर खाली खेळणारी एक मुलगी आमच्याकडे आली होती. मी तिच्या हातावर लाडू ठेवणार, इतक्यात नातू ओरडला, "आजोबा, तिला दाणे चालत नाहीत!" त्या पोरीला दाण्याची ॲलर्जी होती. नातवाने सांगितलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. आता आमच्या फ्रिजवर एक कागद लावला आहे. कोणाला काय चालत नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं.

त्या कागदावर आज पाच मुलांची नावं आहेत. गळ्यात किल्ली घालून घरी येणारी आपल्याच सोसायटीतली ही मुलं. आईवडील कामावर, घरात कोणी नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा दुपारी चारला जिन्यात फोडणीचा वास यायचा, आणि शेजारच्या घरात मूल जेवलं तरी कोणी हिशेब ठेवत नव्हतं. आमचा मुलगा कोणाकोणाच्या घरी खाऊन मोठा झाला, ते मला माहीतही नाही. मी बँकेतून रात्री आठला यायचो. ते कर्ज माझ्या नावावर आहे आणि मी आता हप्ते भरतो आहे.

म्हणून माझी ज्येष्ठ नागरिकांना विनंती आहे. आपण चार वाजता बाकावर बसून पेन्शन आणि गुडघे यांवर बोलतो. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस एकेकाने घ्यावा. आपापल्या विंगमधल्या किल्लीवाल्या मुलांना, पालकांना विचारून, एक वाटी काहीतरी घरचं द्यावं. स्वयंपाक येत नाही ही सबब चालणार नाही, मी समोर उभा आहे. मुलांनाही कामाला लावा. स्वतः वळलेला लाडू वाकडा असला तरी मूल तो संपवतं.

एक आठवण सांगून थांबतो. सौ.चे बोलण्याचे व्यायाम चालूच होते, पण फारसा फरक दिसत नव्हता. पाचेक महिन्यांनी एका बुधवारी मी तव्यावर धिरडं घातलं आणि खुर्चीवरून स्पष्ट आवाज आला, "मीठ!" मी खरोखरच मीठ विसरलो होतो. चाळीस वर्षं मी ज्या शब्दाने नावं ठेवली, तोच शब्द मला परत मिळाला. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भाषण लांबलं म्हणून मघापासून डाव्या हाताने मला खूण करत आहेत.

बाहेरच्या टेबलावर भडंगाचा डबा ठेवला आहे. त्यात दाणे आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी शेजारी बिनदाण्याचा डबा आहे. चव घेऊन जावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.