मोडी : हातातली आणि छापातली



मोडीवर चार शब्द बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने लिपीवर काय बोलावे? पण दारावरची पाटी माझ्या मुलाने केली आहे आणि आत येताना निम्म्या जणींनी मला विचारले, "काय हो हे लिहिलंय?" आपल्या मंडळाचेच नाव आहे ते! तेव्हा बोलणे भागच आले.

आमच्या घरी आजेसासऱ्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत विहिरीचा कागद. मामंजी म्हणत, विहीर आपली एकट्यांची. आमच्या चुलतसासूबाई म्हणत, आठवड्यातले दोन दिवस पाणी आमचे, कागदात लिहिलेले आहे. त्यांच्या घरात कर्ता पुरुष नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेत नसे. खरे सांगायचे तर मीही घेत नव्हते. कागद मोडीत, आणि दोन्ही घरांत मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही. एका जाणकारांकडे दिला, त्यांनी पैसे घेतले आणि निम्माच उतरवून दिला. पुढचे लागत नाही म्हणाले. मग मीच रविवारच्या वर्गाला जाऊ लागले.

बालबोधीत आपण अक्षर काढून वर रेघ देतो. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लोंबती सोडत जायचे, हात होता होईतो न उचलता. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, काही खूण नाही. ऱ्हस्वदीर्घही नाही, दिन की दीन, ते मागचेपुढचे पाहून ठरवावे. (हे ऐकून माझी धाकटी म्हणाली, "आई, मला मोडीतच परीक्षा देऊ दे!") देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतांनी ही लिपी आणली असे परंपरेने सांगतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले लाखो कागद हिच्यातच आहेत. १९५० च्या सुमारास ती शाळा-कचेऱ्यांतून गेली.

अशी धावती लिपी छापायची कशी? छापखान्याचा खिळा म्हणजे शिशाचा तुकडा, एका अक्षराला एक. शेवयांचे तुकडे करून पुन्हा लांब शेवई जोडायला बसण्यातला प्रकार! तरी बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले आणि १८१० सालचा त्यांचा मराठी कोश त्यांत छापला गेला. पण आपल्याकडे छापाला बालबोधीच रुळली. मोडी शिकवायची पुस्तके शिळाछापावर काढीत, म्हणजे वळणदार हाताच्या माणसाने लिहायचे आणि तेच दगडावरून उमटवायचे. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. हात तरी हातासारखा दिसतो.

२०१४ साली संगणकाच्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. आता मोडीचे फाँट आहेत, मुलाने पाटी त्यातल्याच एकाने केली. दिसते किती डौलदार! वर्गातला तक्ताही फाँटातलाच होता. तो मी पंधरा दिवसांत पाठ केला, पोळ्या लाटताना फळीला टाचून ठेवत असे. मोठ्या ऐटीत पेटी उघडली आणि कागदावरची एक ओळही लागेना!

झाले होते असे, की फाँटात 'क' दहा वेळा आला तरी तो दहाही वेळा तोच. कागदावर कारकुनाला घाई. ओळीच्या आरंभीचा 'क' निराळा, शेवटी जागा संपत आल्यावरचा निराळा. 'मौजे', 'तालुके' असे नेहमीचे शब्द तर अर्ध्यावर तोडलेले. आमच्या शिक्षकांनी सांगितले, वाचू नका, गिरवा. पातळ कागद वर ठेवून रोज दोन ओळी गिरवू लागले. तीन आठवड्यांनी हात कुठे वळतो ते माझ्या हाताला डोळ्यांआधी कळू लागले. तुम्हांला खोटे वाटेल, पण तसेच झाले.

एका रात्री जेवणे झाल्यावर मामंजींसमोर कागद वाचला. विहिरीची ओळ खाली, घडीवर आली होती. 'दर आठवडियास दोन रोज', आणि शब्दापुढे आकडाही दिलेला. मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. शिक्षकांनाही दाखवून आणले, त्यांनीही तेच वाचले. पुढच्या मंगळवारी मामंजींनी मोटरच्या खोलीची किल्ली माझ्याच हाती चुलतसासूबाईंकडे पाठवली. त्यांनी ती घेतली आणि मला चहाला बसवले. कागदाविषयी एक शब्द काढला नाही.

तर फाँट पाटीला घ्या, लग्नपत्रिकेवर नाव घालायला घ्या, खाली बालबोधीत तेवढे लिहा म्हणजे झाले. कागद वाचायला मात्र बोरूच हाती धरावा लागेल. येत्या बुधवारपासून दुपारी तीनला मी इथे बसणार आहे. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी आणावेत, पण मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. बोरू मी कापून देईन.