वसतिगृहाची खाट
(विहाराच्या वर्धापनदिनी धुळे येथे केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा दहावीपर्यंत, पुढचे वाचन पाळी सुटल्यावर. कॉलेजविषयी आम्ही काय सांगावे? पण वसतिगृहावर बोलायचा आमचा हक्क आहे, कारण तेवढ्यावाचून आमचे शिक्षण राहिले.

दहावी पास होऊन आम्ही साक्री तालुक्यातून धुळ्याला आलो. कॉलेजात नाव लागले, वसतिगृहाच्या यादीत लागले नाही. गावच्या एका मुलाच्या खाटेवर दोघे झोपायचो, एका ताटात दोघे जेवायचो. गृहपाल फेरीला आले की आम्ही गच्चीवर! तीन महिने असे काढले. मग त्या मुलाचेच नुकसान व्हायला लागले, म्हणून आम्ही गिरणी धरली.

शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग का काढले? बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह का उघडले? शाळेचे दार उघडले तरी खेड्यातल्या पोराला शहरात खोली कोण देणार? घरमालक आधी जात विचारायचा. औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढले, तिथेही मुलांच्या राहण्याची सोय केली. आपल्या खानदेशातली पोरे तिथे राहून शिकली. अभ्यासाला दिवा, वेळेवर भाकरी आणि बरोबरीचा सोबती, या तीन गोष्टी तिथे मिळाल्या.

१९९० साली जळगावला विद्यापीठ झाले, कॉलेजे जवळ आली. पण साक्री-शिरपूरच्या मजुराच्या पोरीला धुळ्यात राहायला जागा लागतेच. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली, हे चांगलेच झाले. पण पैसे खात्यावर येईपर्यंत घरमालक थांबतो का? खाणावळवाला थांबतो का?

म्हणून आमची विनंती आहे. आपला हा हॉल रात्री कुलूपबंद असतो. प्रवेशाचे पहिले तीन महिने तो मुलांना झोपायला, अभ्यासाला उघडा ठेवावा. मुलींना आपापल्या घरात जागा द्यावी. रोज एका घरचा डबा यावा. सोमवारचा डबा आमच्या घरचा. मंडळींना विचारूनच सांगतो आहोत!

वंदनेला माणसे येतात, त्याचा आनंद आहेच. पण एक पोरगा गिरणीत जायचा वाचला, तर विहार बांधल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.